वीज खाली, कंदील वर

आमच्या घरात तीन पिढ्यांनी मुंबईच्या तीन ट्रामा पाहिल्या. आजीनं घोड्यांची पाहिली, भाऊंनी विजेची ऐन भरातली पाहिली, आणि आम्हा भावंडांच्या वाट्याला आली ती म्हातारी, खडखडणारी. भाऊ म्हणजे आमचे वडील. लालबागेत तेव्हा वडिलांना भाऊ, नाना, अण्णा असंच काहीतरी म्हणत. ‘बाबा’ फार थोड्या घरांत होते.

आजी लग्न होऊन काळबादेवीला आली तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या गोष्टींत घोडे असायचे. उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत, हे ती इतक्या वेळा सांगायची की आम्हाला ती थाप वाटायची. पुढे कळलं की खरंच घालत. ९ मे १८७४ला पहिली घोड्यांची ट्राम सुटली. एक रस्ता कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. सुरुवातीला कंपनीकडे ९०० घोडे होते, शेवटी शेवटी १,३६०. एवढ्या घोड्यांची दाणावैरण, नाल, तबेले आणि लीद हा खर्चाचा आणि घाणीचा केवढा व्याप असेल! विजेची ट्राम आली ती नुसती नवलाई म्हणून नव्हे. वीज दाणा खात नव्हती.

ती विजेची ट्राम म्युनिसिपालटीच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत ७ मे १९०७ला पहिल्यांदा धावली. एवढं अंतर सांगितलं तर आज टॅक्सीवाला भाडं नाकारेल. तो दिवस मंगळवार होता. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला ३१ मार्च १९६४च्या रात्री गेली, तोही मंगळवार. आमच्या अक्कानं हे पंचांग काढून पडताळलं आणि ‘मंगळवारी सुरू, मंगळवारी बंद, म्हणजे गणपतीचीच गाडी’ असा निकाल देऊन टाकला. लालबागच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करू नये.

अक्का, दादा आणि मी. शेवटची ट्राम गेली तेव्हा अक्काचं अठरावं चालू होतं, दादा मॅट्रिकच्या उंबरठ्यावर आणि मी नुसताच धाकटा. आज आम्ही तिघंही नातवंडवाले आहोत आणि ट्रामबद्दल आमचं एका वाक्यावरही एकमत होत नाही. ती पिवळी होती की लाल, यावर तर एकदा दिवाळीचा फराळ तसाच राहिला होता. त्यामुळे फ्लोरा फाउंटनचा जीर्णोद्धार चालू असताना खोदकामात ट्रामचे रूळ निघाल्याची बातमी आली, तेव्हा आम्हाला पुराव्याची मोठीच सोय झाल्यासारखं वाटलं. अक्काचा फोन सकाळी सातला. ‘उठ, रूळ निघालेत. ते पुन्हा बुजवायच्या आत बघून येऊ.’

कामाच्या पत्र्यांआडून पाहिले आम्ही ते. काळ्या बेसाल्टच्या चिऱ्यांत बसवलेली लोखंडाची समांतर जोडी, गंजून विटेच्या रंगाची झालेली. रेल्वेचा रूळ जमिनीच्या वर उभा असतो. हा तसा नाही. ट्रामचा रूळ रस्त्याच्या पातळीत असतो आणि त्याच्या माथ्यालाच एक खाच असते, चाकाची कड त्यात बसावी म्हणून. बाकीची वाहनं, हातगाड्या, माणसं वरून बिनधास्त जाऊ शकतात. त्या खाचेत आता चिखल भरला होता. दादा बराच वेळ वाकून पाहत होता. मग म्हणाला, ‘ही खाच एवढी रुंद नव्हती.’ अक्का म्हणाली, ‘तुझी बोटं तेव्हा बारीक होती.’

बोटांचा प्रश्न अगदी बरोबर होता. पावसाळ्यात त्या खाचेतून पाणी वाहायचं आणि आम्ही पोरं त्यात कागदी होड्या सोडायचो. ट्रामची घंटा ऐकू आली की हात मागे. एरवी खाचेत काय काय सापडायचं: केसांच्या पिना, बटणं, विडीची थोटकं, एकदा दादाला दोन आणे. आणि रुळाच्या माथ्यावर आम्ही ठेवायचो भोकाचा पैसा. ट्राम गेली की तो पातळ, गरम आणि लांबुडका होऊन मिळायचा आणि भोकाची नुसती चीर उरायची. आजीला हे कळलं तेव्हा तिनं पाठीत धपाटे घातले. ‘लक्ष्मीला चाकाखाली घालता, मेल्यांनो?’ त्यातला एक पैसा आईनं का कोण जाणे देवघरातच ठेवला होता. पुढे घर बदलताना तो कुठे गेला ते कळलं नाही.

मुंबईतले रूळ सगळीकडून काही उचलले नाहीत. पुष्कळ ठिकाणी वर डांबर ओतलं आणि मोकळे झाले. रस्ता खोदला की म्हणूनच ते मधूनमधून वर येतात. फाउंटनला निघालेले जपून ठेवायचं ठरलं हे चांगलं झालं. ते कारंजं १८६४चं, म्हणजे ट्राम बंद झाली त्या वर्षी त्याला शंभर वर्षं पूर्ण झाली. शेजारी हुतात्मा स्मारक. नोव्हेंबर १९५५मध्ये इथे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला, त्या दिवसांत भाऊ फोर्टातल्या कचेरीतून लालबागेपर्यंत चालत आले होते. ट्रामा बंद, रस्त्यात दगडांचा खच. घरी आल्यावर पायातल्या वहाणा काढून ते तसेच भिंतीला टेकून बसले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, एवढं अक्काला आठवतं. दादाला त्यातलं काहीच आठवत नाही. मला आठवण्याचं वय नव्हतं, पण इतक्या वेळा ऐकलंय की मलाही भाऊंच्या त्या वहाणा दिसतात.

खरा ट्रामरस्ता आमच्या घराखालून जायचा. लालबागेतली आमची चाळ रस्त्याला लागून, खोली पहिल्या मजल्यावर. दुमजली ट्रामा १९२०पासून आल्या होत्या. तसल्या ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसलेला माणूस आणि आमच्या खिडकीत उभी असलेली आई, दोघं जवळजवळ एका पातळीवर. म्हणून आईनं खिडकीला निम्मा पडदा लावला होता, जुन्या लुगड्याचा. तरी पावसाळ्यात पडदा भिजू नये म्हणून वर खोचला की ट्राममधल्या माणसांना आमचं ताट दिसायचं. एका संध्याकाळी ट्राम खाली खोळंबली होती आणि वरच्या मजल्यावरच्या कुणा अनोळखी बाईनं आईला विचारलं, ‘कालवण कसलं हो?’ आई म्हणाली, ‘बांगड्याचं.’ ट्राम निघाली. एवढीच त्यांची ओळख, पण आई ती पुढे कित्येक वर्षं सांगायची.

आणि गंमत अशी, की खालून विजेची गाडी जात होती आणि वर आमच्या खोलीत कंदील होता. चाळीच्या जिन्यात एक दिवा, तोही मालकाच्या मर्जीचा. खोलीत वीज घ्यायची म्हणजे मालकाची परवानगी, अनामत, मीटर, वायरिंगवाला. भाऊंच्या पगारात ते बसायला वेळ लागला. तोवर संध्याकाळी आई कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि ट्राम आली की तिच्या दिव्यांचा उजेड खिडकीतून शिरून भिंतीवरून, मग आढ्यावरून सरकत जायचा. रात्री पाऊस असेल तर तारेवर निळी ठिणगी उडायची आणि त्या क्षणाला खोलीतलं सगळं दिसायचं: फळीवरचे डबे, खुंटीवरची भाऊंची टोपी, अंथरुणावर जागा असलेला दादा.

ती ठिणगी कशी उडायची हे आम्ही जवळून अभ्यासलं होतं, कारण काही वेळा ती आम्हीच उडवायचो. ट्रामच्या टपावर एक लांब दांडा, त्याच्या टोकाला छोटं चाक, ते वरच्या तारेला खालून दाबून धरलेलं. वीज तारेतून चाकात, दांड्यातून खाली मोटारीत आणि चाकांवाटे रुळात परत. दांड्याला बांधलेली दोरी मागच्या बाजूला लोंबायची. ट्राम थांब्यावर उभी राहिली की चाळीतला एखादा धीट पोर ती दोरी खेचायचा. चाक तारेवरून निसटलं की गाडीतले सगळे दिवे फटकन जायचे आणि ट्राम जागच्या जागी ठप्प. मग कंडक्टर शिव्या देत उतरायचा आणि अंधारात मान वर करून दोरीनं ते चाक पुन्हा तारेवर बसवायच्या खटपटीला लागायचा. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्यांदा चर्र करून ठिणगी, आणि दिवे लागले. आत बसलेली माणसं ‘हो’ म्हणून ओरडायची. तो दोर ओढणारा पोर कोण, हे आजवर आमच्या घरात कुणी कबूल केलेलं नाही. अक्का दादाकडे बघते. दादा पंख्याकडे बघतो.

दादाला शिक्षा मात्र मिळाली, वेगळ्या गुन्ह्याची. चालत्या ट्राममधून उतरणं ही मुंबईच्या पुरुषमाणसाची दीक्षा होती. तोंड ट्रामच्या दिशेला, डावा पाय आधी, आणि उतरल्यावर चार पावलं धावायची. भाऊ एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा घेऊन असे उतरायचे की छत्रीसुद्धा हलायची नाही. दादानं चिंचपोकळीला तोंड उलटीकडे करून उडी मारली. ट्रामचा आमच्या घरातला सर्वांत ठळक अवशेष आजही त्याच्या डाव्या गुडघ्यावर आहे.

रस्त्याच्या मधोमध रूळ असण्याचा हाच तोटा होता. चढायला-उतरायला माणसाला गाड्यांच्या लोंढ्यातून मध्यात जावं लागे. ट्रामला बाजूला सरता येत नसे, पुढे बैलगाडी अडली की तीही अडली, तिच्यामागे सगळा रस्ता. १९२६च्या १५ जुलैला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली तेव्हा ती बऱ्या परिस्थितीतल्यांची, आणि ट्राम गरिबाची, अशी विभागणी होती म्हणतात. भाऊंच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत होती. बसचं तिकीट काढणं ही त्यांना उधळपट्टी वाटे. ‘आण्यात जाता येतं तिथे घाई कशाला?’ १९५३नंतर एकेक मार्ग बंद होऊ लागला तसे ते प्रत्येक बातमीला ‘हं’ म्हणायचे. नातेवाइकांपैकी कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणायचे तसं.

शेवटच्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर होतो. लालबागेत ती जत्राच होती. दादर गाठायला निघालेली ट्राम माणसांनी इतकी लगडली होती की तिचा रंगच दिसत नव्हता, त्यामुळे पिवळी-लालचा वाद त्या रात्रीच्या साक्षीनं सुटत नाही. ड्रायव्हर पायानं घंटा बडवत होता आणि कुणी बाजूला होत नव्हतं. कुणी हार घातले होते, कुणी नारळ फोडला. शेजारचे काका फटाके घेऊन आले होते. भाऊ त्यांच्यावर रागावले. आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला वर येऊन सांगितलं की शेवटची गेली. ती म्हणाली, ‘घोड्यांचं काय केलं?’

रुळांचे तुकडे शोधायला निघालेल्या माणसाला मुंबईत फार काही सापडत नाही, हे आम्ही लवकरच ओळखलं. फाउंटनवरून आम्ही बसनं भायखळ्यापर्यंत आलो आणि मग टॅक्सीनं, अक्काच्या पायांसाठी. भायखळा ते लालबाग डोक्यावर उड्डाणपूल. २०११मध्ये लालबागचा पूल झाला तेव्हापासून आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्याच्या उंचीवरून पुन्हा गाड्या जाऊ लागल्या आहेत. फक्त त्यातलं कुणी कालवण विचारत नाही, एवढ्या वेगात असतात. खाली रस्ता तोच. नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. त्याची रुंदी आणि सरळपणा ट्रामच्या काळातला आहे, पण ते सांगायला रूळ उरलेला नाही.

आणिक डेपोतल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्रामच्या लहान प्रतिकृती आहेत, जुनी तिकिटं आहेत, तिकिटाला भोक पाडायचे पंच आहेत. काचेमागचं तिकीट बघून अक्का हसली. तिच्याकडे अशी चळतभर होती, चाळीतल्या मुलींच्या ‘दुकान-दुकान’ खेळात नोटा म्हणून. त्यातलं एक आईच्या ‘हरिविजया’त खूण म्हणून राहिलं. पोथी आता माझ्याकडे आहे. तिकीट अध्याय पंधराव्यापाशी.

खरा मोठा अवशेष मात्र आम्हाला घरीच दर दोन महिन्यांनी, पुढे दर महिन्याला यायचा, आणि तो रूळ नव्हता, विजेचं बिल होतं. १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ अशी कंपनी निघाली. वीज विकायची आणि विजेवर ट्राम चालवायची, दोन्ही मक्ते एकाच हाती. वाडीबंदरला तिनं वीजघर उभारलं, पुढे कुसाऱ्याला, माझगावात, मोठं. नंतर टाटांच्या जलविद्युतची वीज मिळू लागली. ७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही कंपनी महापालिकेकडे आली आणि नावातली ‘ट्रामवेज’ जाऊन ‘ट्रान्सपोर्ट’ आलं. आद्याक्षरं तीच, बेस्ट. बसवाला आणि वीजवाला सहसा एकच नसतो. मुंबईत तो आहे, त्याचं मूळ त्या ट्रामेत आहे. कुलाब्याच्या त्यांच्या मुख्य इमारतीला जुनी माणसं अजून ‘इलेक्ट्रिक हाऊस’ म्हणतात आणि तिथेच बसडेपोही असतो, याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

आमच्या खोलीत वीज आली ती मी चौथीत असताना. वायरिंगवाल्यानं लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधोमध एक बल्ब लोंबवला. संध्याकाळी भाऊंनी बटण दाबायचा मान आजीला दिला. तिनं दाबलं, आणि बल्बकडे न बघता आधी भिंतींकडे बघितलं. भिंती केवढ्या कळकट होत्या ते त्या उजेडात पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी आईनं चुना आणायला पिटाळलं. भाऊ म्हणाले, ‘इतकी वर्षं खालनं जात होती, आज वर आली.’ त्यानंतर ट्रामचा उजेड आढ्यावर सरकताना कधी दिसला नाही. तो येत असेलच. आमच्याच दिव्यापुढे फिका पडत असेल.

ट्राम बंद होण्याच्या आधीच, ११ जून १९६२ला, गवालिया टँक ते माझगाव गोदी अशी ट्रॉलीबस सुरू झाली होती. स्कोडाच्या गाड्या, झेकोस्लोव्हाकियातल्या. रबरी चाकं, रूळ नाही, पण डोक्यावर एकाच्या जागी दोन दांडे. रूळच नसल्यानं वीज परत जायलाही दुसरी तार लागायची. दादाचं म्हणणं, आम्ही गवालिया टँकला ट्राममध्ये बसलो तेव्हा ती ट्राम नव्हतीच, ट्रॉलीबस होती. अक्का म्हणते, ट्राम होती, कारण दादाची चप्पल रुळात अडकली होती. चप्पल हा पुरावा भारी पडतो. ट्रॉलीबसही २४ मार्च १९७१ला बंद झाली. ती गेल्याबद्दल कुणी नारळ फोडल्याचं आमच्या कुणाच्या लक्षात नाही.

रूळ शोधायला निघालो त्या दिवशी लालबागेहून पुढे दादर टीटीला आम्ही टॅक्सी सोडली. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे तिथे उभ्या असलेल्या माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल, याचा दादानं लगेच सर्व्हे घेतला. फुलवाल्या मावशींना ठाऊक होतं, पण ते त्यांच्या सासूमुळे. पाटीवर खोदादाद सर्कल लिहिलेलं आहे. सर्कलभोवतीच्या इमारती अजून कमानीनं वळलेल्या आहेत, ट्रामा वळून परत फिरायच्या तशा. मात्र दांडा फिरवायचे कुठे, थांब्याची शेड कुठल्या बाजूला होती, यावर पुन्हा वाजलं. दादानं थेट बसच्या स्टार्टरला गाठलं. तो बिचारा जेमतेम तिशीचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आजोबा, जायचं कुठे तुम्हाला?’

जायचं कोलकात्याला, हे आता नक्की झालंय. भारतात विजेची ट्राम तेवढ्या एका शहरात उरली, १९०२पासूनची. तिथल्या सरकारनंही २०२४मध्ये जाहीर केलं, की एस्प्लनेड ते मैदान एवढा एक मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीचे बंद करायचे. अक्कानं ही बातमी कापून डायरीत ठेवली आहे आणि रोज फोन करून विचारते, तिकिटं काढली का. तिघांना खालचेच बर्थ हवेत, सुटी संपायच्या आत नातवाला बरोबर घ्यायचंय, आणि कोलकात्याच्या ट्रामचा रंग कोणता ते दादानं आधी सांगायचं नाही, या अटीवर मी आज सकाळी आरक्षणाच्या रांगेत उभा राहिलो.